फोटोत मी नाही

विनोदमामाच्या व्हॅनच्या पाठीमागे लाल अक्षरांत लिहिलंय, 'रत्नागिरी दर्शन, एक दिवस, फोटोसह'. त्यातलं 'फोटोसह' म्हणजे मी.

दोन वर्षं झाली याला. दहावीत गणिताच्या सरांनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली आणि हसले. मी उठले, वही त्यांच्या हातातून ओढली आणि खिडकीतून खाली फेकली. सरांचा चष्मा पण गेला बरोबर, तो मुद्दाम नव्हता. आई बोलली, माफी माग. मी बोलले, आधी त्यांनी. त्यांनी मागितली नाही, मी मागितली नाही, शाळा तिथंच संपली. बाबा मुंबईला गेले ते तिकडचेच झाले, म्हणून आई आणि मी मामाच्या घरात राहतो. मामा एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना कॅमेरा घेऊन आला आणि माझ्या गळ्यात घालून बोलला, "शमिका, डोकं नाही चालत तर नाही. डोळे चालतात ना, ते वापर."

डोळे चालतात. पण बघायचं काय? रोज तेच. मिऱ्याला वादळात येऊन किनाऱ्यावर रुतलेलं जहाज, त्याच्यासमोर लोक हात पसरून उभे राहतात. "हे ऐतिहासिक आहे का?" विचारतात. गंजलंय म्हणजे असणारच, मी सांगते. मग रत्नदुर्गावर लांबचं दीपगृह चिमटीत पकडल्यासारखं करायचं. मांडवीच्या जेट्टीवर उडी मारायची, मी ती हवेत पकडते. शेवटी थिबा राजवाड्यापुढे हाताची घडी, आणि थिबा पॉइंटच्या बागेत सगळ्यांचा मिळून एक. संध्याकाळी फोटो त्यांच्या मोबाईलवर टाकले की ते जातात. ते जातात हेच मला झोंबतं. सांगली, पुणे, कुठं कुठं जातात, आणि मी दुसऱ्या दिवशी परत त्याच जहाजासमोर.

दिवाळीनंतरच्या त्या रविवारी मामाने सकाळी व्हॅन धुतली. आतून पण. सीटवर आईने टॉवेल घातले.

"कोण येतंय, मंत्री?" मी विचारलं.

"खेडकडची माणसं आहेत. नीट वाग."

"रोज काय वाकडी वागते?"

"वागतेस," मामा बोलला आणि आई आत गेली.

स्टेशनवर मामा स्वतः प्लॅटफॉर्मपर्यंत गेला. एरवी तो व्हॅनमधून हॉर्न मारतो. चौघं आले. पुढे आप्पा, अंगात नवा शर्ट, घडीच्या रेषा तशाच. त्यांची बायको गंगाकाकू. आप्पांची मोठी बहीण चिमाआत्या, सत्तरीच्या, मांडीवर एक कापडी पिशवी घेऊन बसल्या ती कोणाला हात लावू देईनात. आणि आप्पांचा मुलगा गुरुप्रसाद, मुंबईला लिफ्टच्या कंपनीत कामाला. उंच, आणि उंच असल्याबद्दल माफी मागितल्यासारखा वाकलेला.

"दादा, तुम्ही पुढे बसा. पाय लांब आहेत तुमचे," मी बोलले.

गंगाकाकू खिडकीबाहेर बघायला लागल्या. चिमाआत्या उगाच खोकल्या.

"दादा नको," मामा बोलला. "गुरुप्रसाद बोल."

"गिऱ्हाइकाला नावाने?"

"मग काहीच बोलू नको."

मला वाटलं, असेल मोठा माणूस. मिऱ्याला पोचलो तर चिमाआत्यांनी मला तीन वेळा व्हॅनकडे पाठवलं. एकदा पाण्याच्या बाटलीला, एकदा रुमालाला, तिसऱ्या वेळी मी अर्ध्यात पोचल्यावर ओरडल्या, "असू दे गो बाय, मिळाला!" वाळूतून तीन फेऱ्या. डोकं तापलं, पण म्हातारी आहे म्हणून गप्प बसले.

गंगाकाकूंची वेगळीच तऱ्हा. "रोज एवढं चालतेस, दम नाही लागत?"

"नाही."

"डोळ्यांना नंबर नाही ना?"

"असता तर तुमचे फोटो कोणी काढले असते, काकू?"

"बोलते फाडकन," त्या आप्पांना बोलल्या. आप्पांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

जहाजासमोर चौघांना उभं केलं आणि रोज बोलते तसं बोलले, "काळ्या गोल भोकाकडे बघा. स्माईल." क्लिक केलं, स्क्रीनवर मोठं करून बघितलं. तिघांची नजर लेन्सच्या चार बोटं वर. गुरुप्रसादची वाळूत. परत काढला, परत तेच. फोटोत लोक डोळे मिटतात, केस सारखे करतात, कोणाचं पोर रडतं. पण तिघंच्या तिघं कॅमेऱ्याच्या वर बघतायत असं कधी झालं नव्हतं. आणि कॅमेऱ्याच्या वर काय असतं? माझं कपाळ. मी हात लावून बघितलं, काही लागलंय का. काही नव्हतं.

कळलं ते रत्नदुर्गावर, भगवतीच्या देवळात. आत फोटो काढायचे नसतात म्हणून मी दारात उभी होते. चिमाआत्यांनी अखेर ती पिशवी उघडली. देवीची ओटी भरायला खण काढला, नारळ काढला, मूठभर तांदूळ. पिशवीचं तोंड उघडंच राहिलं आणि मला आतलं दिसलं. अजून एक खण, हिरवा. अजून एक नारळ, त्याला हळदकुंकू आधीच लावलेलं.

गडावर देवी एकच आहे.

तेवढ्यात गंगाकाकू वळल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. तशी गिऱ्हाइकं हसत नाहीत. दादा नको, वाळूतल्या तीन फेऱ्या, डोळ्यांचा नंबर, सगळं एका जागी आलं.

मामा तटाजवळ शेंगदाणे खात उभा होता.

"दुसरा नारळ कोणाचा?"

"कसला नारळ?"

"पिशवीतला. मामा, कोणाचा?"

त्याने उरलेले दाणे एकदम तोंडात टाकले. "हळू बोल. तुझा."

मी काही बोलायच्या आत तोच भराभर सुटला. "ऐक आधी. घरात बघायचा कार्यक्रम ठेवला असता तर पोह्यांची बशी तू कोणाच्या तरी डोक्यात घातली असतीस. म्हणून म्हटलं, सहल करू. त्यांचं फिरणं पण होईल, मुलगी बघणं पण. त्यांना बोललो, आमची मुलगीच तुम्हाला रत्नागिरी दाखवेल. खूश झाले. चांगली माणसं आहेत. एकुलता मुलगा, मुंबईत स्वतःची खोली."

"आईला माहीत आहे?"

मामा समुद्राकडे बघायला लागला. म्हणजे आहे.

"मला अजून अठरा पण नाहीत."

"तीन महिन्यांत होतील. मी त्यांना वीस सांगितलंय, तेव्हा तोंड उघडू नको. संध्याकाळी थिबा पॉइंटला ओटी भरतील, एक फोटो निघेल, संपलं. नीट राहिलीस तर कॅमेरा कायमचा तुझा. तमाशा केलास तर आत्ता गळ्यातून काढून घेईन."

आमच्याकडे बघायला आलेल्यांनी मुलीची ओटी भरली की ठरलं. शब्द गेला. मग मुलगी रडू दे नाहीतर लोळू दे, लोक बोलतात, ओटी घेतलीस ना पदरात? मग आता काय?

मला ओरडायचं होतं. पण मामाच्या घरात माझं असं आहे काय? आईबरोबर अर्धं कपाट, एक गादी आणि हा गळ्यातला पट्टा. पळायचं म्हटलं तर गडाच्या तिन्ही बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला मामाची व्हॅन, आणि व्हॅन जाते ती पण त्याच्याच घरी. मी कॅमेरा दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. खाली भिंतीवर लाट फुटत होती. आप्पा लांबून ओरडले, "अगो, ते चिमटीत धरायचं कसं ते दाखव ना!"

गेले. दाखवलं. "थोडं डावीकडे, काका. हा. स्माईल."

तिथून पुढे त्यांना मी फोटोत हवी होते. चिमाआत्या नवऱ्यामुलाच्या शेजारची जागा हाताने झाडून मला बोलवायच्या, जशी काय सतरंजी आहे.

"तू पण ये गो मधे."

"मी फोटोत नसते, आत्या. नियम आहे."

"कोनाचा?"

"कंपनीचा."

"कंपनी म्हंजे तुजा मामाच ना? ओ विनोदराव, तुमचा नियम काय म्हनतो?"

सगळे हसले. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्यांचं हसणं काढलं. गंगाकाकूंनी मग स्वतःचा मोबाईल काढला. त्यांनी मोबाईल वर केला की मी कॅमेरा वर करायची. जेवताना पण गळ्यातच ठेवला. त्यांच्याकडे माझे दहा फोटो झाले असतील, दहाही फोटोंत कॅमेऱ्याला हातपाय फुटलेले. पण किती वेळ? थिबा पॉइंट काही कुठं जाणार नव्हता.

मांडवीला बाकीचे भेळवाल्याकडे थांबले. मी जेट्टीच्या टोकाला गेले, तिथून पुढे पाणीच. मागून गुरुप्रसाद आला. मी वळून बघितलं तर भेळवाल्याजवळून सगळे आमच्याकडेच बघत होते, मामा हाताने 'बोला, बोला' करत होता.

"तुम्हाला सांगितलं नव्हतं वाटतं," तो बोलला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही दादा बोललात तेव्हा."

"मग सकाळपासून तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय?"

"मला वाटलं, मामा सांगतील."

"तुमचं काम काय असतं नक्की?"

"लिफ्ट बंद पडली की आतल्या माणसांना बाहेर काढायचं."

"मग उभे काय राहिलात? काढा."

तो हसला. मी हसत नाही हे बघून थांबला. "आतला माणूस ओरडतो, बेल दाबतो. तुम्ही सकाळपासून स्माईल, स्माईल करताय. मला कसं कळणार?"

हे खरं होतं म्हणून मला जास्त राग आला. "आता सांगते. मला लग्न करायचं नाही. तुमच्याशीच नाही असं नाही, कोणाशीच नाही. तुम्ही तुमच्या आईला नाही सांगा. माझ्या नाहीला कोणी विचारत नाही, तुमच्या नाहीला किंमत आहे."

तो कठड्याचा सुटलेला रंग नखाने काढत बसला. "तुम्ही सातव्या. आधीच्या सहा जणींना मीच नाही बोललो. आता नाही बोललो तर आई जेवणार नाही."

"एक दिवस नाही जेवणार. मला जन्मभर तिकडे जेवावं लागेल."

"आणि तुम्ही मला..." त्याचे कान लाल झाले. "वाईट नाही वाटलात."

"मी विचारलं का?"

"नाही."

"मग?"

तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, अंगावर जाता आलं असतं. हा आपला उभा, कोणीतरी किल्ली आणून देईल मग बघू, असा. मी त्याचा एक फोटो काढला, रागाने. तो चांगला आला.

थिबा राजवाड्यात मी रोजचं पाठ बोलले. ब्रह्मदेशाचा राजा. इंग्रजांनी राज्य घेतलं आणि त्याला इथं आणून ठेवलं. वाडा बांधून दिला, नोकर दिले, भोवती एवढी मोकळी जागा दिली. फक्त परत जाऊ दिलं नाही. तीस वर्षं तो रत्नागिरीत राहिला आणि इथंच गेला.

"खायलाप्यायला देत व्हते ना?" चिमाआत्यांनी विचारलं.

"हो."

"मग काय वाईट!"

गंगाकाकूंनी मान हलवली. मामा बोलला, "चला, उजेड आहे तोवर बागेत जाऊ."

थिबा पॉइंटच्या बागेत रविवारची गर्दी होती. पोरं झोपाळ्यावर, खाली भाट्याची खाडी चकाकत होती. मामाने बाक निवडला, खाडी मागे येईल असा. त्याला दोन वर्षांत एवढं माझ्याकडूनच कळलं होतं. मग त्याने माझ्या गळ्यातला पट्टा वरून काढला. मान एकदम हलकी झाली, आणि मला उघडं पडल्यासारखं वाटलं.

"आज मी काढतो," तो बोलला. "बस."

मला मधे बसवलं. एका बाजूला गंगाकाकू, दुसऱ्या बाजूला गुरुप्रसाद, तो बाकाच्या अगदी कडेला. चिमाआत्यांनी पिशवी उघडली. गंगाकाकूंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, मी डोकं मागे घेईपर्यंत लागलं पण.

"मी सतरा वर्षांची आहे," मी मोठ्याने बोलले.

शेजारच्या बाकावरची माणसं वळली. मामाने कॅमेरा खाली घेतला. गंगाकाकूंनी त्याच्याकडे बघितलं. "वीस बोललात ना?"

"अहो, ते... चालू विसाव्याला काय, चालू अठराव्याला काय..."

आता मोडलं, मला वाटलं. छातीत एवढी जागा झाली की मी श्वास घेतला. तर आप्पा, जे दिवसभर दोन वाक्यं पण बोलले नव्हते, ते बोलले, "मग काय झालं? थांबू की वर्षभर. ठरवून ठेवू."

"हां, थांबू," गंगाकाकू बोलल्या. "खोटं बोलली नाही बघा. आवडलं मला."

सगळे हसले. मामा सगळ्यांत जोरात. माझ्याकडे होतं तेवढं एकच होतं, ते मी टाकलं, आणि त्याचंच कौतुक झालं. मी गुरुप्रसादकडे बघितलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"पसर गो ओढणी," चिमाआत्या बोलल्या. त्यांच्या ओंजळीत खण, त्यावर नारळ, नारळाभोवती तांदूळ.

मी हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले.

"अगो, पसर."

बसून राहिले.

ओटी खाली ठेवत नाहीत. बाकावर नाही, जमिनीवर तर नाहीच. ती एका बाईच्या ओंजळीतून निघाली की दुसऱ्या बाईच्या पदरात. मला हे ठरवून सुचलं नव्हतं. हात आपोआप खाली गेले होते. पण आत्यांचे हात तसेच हवेत राहिले तेव्हा मला कळलं, की आता यांना पुढे जाता येत नाही.

"लाजते," मामा बोलला. कॅमेरा त्याच्या तोंडापुढे. "शमिका, ओढणी."

"नाही."

"फोटोपुरती."

"नाही."

मामा दातओठ खात हसत होता. मला माहीत होतं तो घरी काय करेल, काय बोलेल, आईला पण. मी हातांवर अजून जोर दिला. बोटांना मुंग्या आल्या. एक लहान पोरगी आईस्क्रीम चाटत आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि बघायला लागली. चिमाआत्यांच्या मनगटाची शीर उडत होती. थोडे तांदूळ बोटांतून गळले.

"माजे हात भरून आले गो बाय," त्या हळूच बोलल्या. पहिल्यांदाच त्या मला कोणाची तरी म्हातारी वाटल्या. मला वाईट वाटलं. पण मी हात काढले नाहीत.

"पुरे," गंगाकाकू बोलल्या.

त्या उठल्या. स्वतःचा पदर पसरून नणंदेच्या हातातून सगळं घेतलं, नारळ, खण, तांदूळ, आणि पिशवीत घातलं. मग मामासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "विनोदराव, मुलीला विचारलं होतंत?"

"विचारायचं काय त्यात, ताई? लहान आहे ती."

"लहान आहे म्हणजे विचारलं नाही. आम्हाला बोललात, मुलगी स्वतः फिरवून दाखवणार आहे. आम्ही समजलो, तिच्या मनात आहे म्हणून. दिवसभर तिच्यामागे मोबाईल घेऊन फिरले मी येड्यासारखी." त्यांचा आवाज चढला. "आम्ही काय पोरी पळवायला आलोय?"

मामा कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळायला लागला. माझ्याकडे त्या वळल्या तेव्हा मला वाटलं काहीतरी चांगलं बोलतील. "आणि तू," त्या बोलल्या, "सकाळीच बोलली असतीस तर आमची दुपारची गाडी मिळाली असती."

स्टेशन तिथून लांब आहे आणि व्हॅन एकच. मी सगळ्यांत मागे बसले. पूर्ण रस्ता चिमाआत्या मनगट चोळत होत्या, त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. गुरुप्रसाद दोनदा मागे वळला, दोन्ही वेळा परत पुढे बघितलं. स्टेशनवर उतरताना गंगाकाकू मामाला बोलल्या, "आजचे फोटो पाठवू नका." आप्पांनी शर्ट झटकला. ते जिन्याकडे गेले, चौघं एका रांगेत, पिशवी आता आप्पांच्या हातात.

मामाने व्हॅन चालू केली नाही. कॅमेरा पुढच्या कप्प्यात ठेवला, कप्प्याला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"पुढच्या रविवारी सांगलीचा ग्रुप आहे," तो बोलला. "ते आपल्या मोबाईलवर काढतील."

"मग व्हॅनवरचं 'फोटोसह' पुसायला लागेल."

"पुसेन." त्याने स्टिअरिंग धरलं. "आईला तू सांगायचं. मी नाही."

"सांगते."

"आणि तुला काय वाटलं, संपलं? अजून बघायला येतील. घरात येतील आता."

"येऊ देत."

त्याने व्हॅन सुरू केली. आत डिझेलचा आणि भेळेच्या कांद्याचा वास कोंडला होता. मी खिडकी सरकवायला गेले, पण मागच्या सीटची काच उघडत नाही, ती पहिल्यापासून बसवलेलीच आहे. आईला काय सांगायचं ते मी जुळवायला लागले. पहिलं वाक्य जमलं, की आई, मला विचारलं नव्हतं. पुढचं जमेना. तिलाही कोणी विचारलं नसणार, आणि तेच ती मला सांगेल. घर जवळ आलं तरी मी दुसरं वाक्य शोधत होते.